माझ्या मापाचा क्लॅम्प

कपाळावरच्या या ठिपक्याबद्दल सगळेच विचारतात, तुम्हीच पहिले नाही. इथे केसांच्या कडेला हा एक, आणि मागे केसांत दोन. लोकांना वाटतं देवी-कांजिण्यांचे वण असतील. आमची ही सगळ्यांना सांगते, लहानपणी झाडावरून पडले होते. थापा मारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

बसा हो, उभे का? तुमच्या आईच्या बी.पी.च्या यंत्राची नळी चिकटवलीय, ती वाळायला वेळ लागेल. ओल्या गोंदावर हवा भरली तर परत सुटेल आणि परत तुम्ही मलाच शिव्या घालाल. तो स्टूल घ्या. दिवा जरा तुमच्याकडे ओढा, माझ्या डोळ्यांवर येतोय. हां, असा.

तर हे ठिपके. मी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो हे तुम्हाला माहीत आहेच. वाफेच्या पेट्या, पलंगाचे पाय, ऑपरेशनचे दिवे, काय वाट्टेल ते. पण सगळ्यात नाजूक काम म्हणजे क्लॅम्प. मेंदूचं ऑपरेशन करायचं तर डोकं तसूभरसुद्धा हलून चालत नाही. माणूस बेशुद्ध असला तरी श्वास घेतोच ना, खोकतो एखादा. म्हणून डोकं पक्कं धरायला स्टीलची एक कमान असते, घोड्याच्या नालेसारखी. तिचे दोन भाग एकमेकांत सरकतात, आणि दात्यांवर कट्कट् करत अडकतात. एका बाजूला दोन पिना, दुसऱ्या बाजूला एक. पिना कवटीत रुतवून, स्क्रू पिळून, कमान टेबलाला जखडायची. मग छपराचं सिमेंट पडलं तरी डोकं जागचं हलणार नाही. ऐकायला भयंकर वाटतं, पण तीन बारीक खुणांपलीकडे काही राहत नाही. माझ्याकडेच बघा.

ज्या दवाखान्याचं सांगतोय, तिथल्या थिएटरच्या सिस्टरना आम्ही हेडमास्तरीण म्हणायचो. तोंडावर नाही, जिवाची काळजी आहे मला. एकदा त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, तुमचा क्लॅम्प आपोआप मिटतोय."

"माझा कशाला? दवाखान्याचा आहे."

"दुरुस्त तुम्ही करता ना? मग तुमचाच. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः उघडून ठेवते, सोमवारी बघावं तर मिटलेला."

गेलो. बघितलं. खटक्याची स्प्रिंग ढिली झाली असेल म्हणून नवी घातली. पुढच्या सोमवारी परत फोन. पुन्हा गेलो, खटकाच बदलला. पुन्हा फोन. आता गंमत अशी, की स्प्रिंग ढिली असेल तर कमान कधी इतकी मिटेल, कधी तितकी. ही मात्र दर वेळी एकाच दात्यावर येऊन थांबायची. मी त्या दात्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. पुढच्या सोमवारी कमान बरोब्बर त्या ठिपक्यावर.

"कुणीतरी चेष्टा करतंय तुमची," मी म्हटलं.

"माझी?" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मलाही पटलं की त्यांची चेष्टा करण्याची हिंमत त्या इमारतीत कुणाची नसणार.

आता मध्येच एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या दिवसांत माझं डोकं दुखायचं. सकाळी उठलो की उजव्या कानामागे ठणका. आणि त्या कानात एक बारीक शिट्टी, कुकर लांबच्या घरात लागावा तशी. बायको रोज मागे लागायची, अहो, दाखवून या, दवाखान्यातच तर पडलेले असता. मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. खरं सांगू का? भीती वाटत होती. दिवसभर मी त्या थिएटरमध्ये काय काय बघत होतो. दाखवायला गेलो आणि त्यांनी काही शोधून काढलं तर? न बघितलेलं नसतंच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एकदा दुकानातून उतरताना तोल गेला, तेव्हाही चपलेला दोष दिला.

रविवार होता. थिएटरला सुट्टी, म्हणून काम तेव्हाच काढलं. भर दुपार होती, बाहेर कडक ऊन. पण थिएटरला खिडकी नसते हो. आत शिरलं आणि ते जाड दार मागे लागलं, की बाहेर दिवस आहे का रात्र, काही कळत नाही. फिनेलचा आणि स्पिरिटचा वास, आणि यंत्रं बंद असली की अशी शांतता की आपल्याच घड्याळाची टिकटिक त्रास देते.

सिस्टर चाव्या देऊन म्हणाल्या, "मी डबा खाऊन येते. हात धुवायला बाहेर बादली ठेवलीय. आज टाकी धुताहेत, नळाला थेंबभर पाणी नाही."

"बरं."

"आणि दिवा जाळून ठेवू नका उगाच."

"नाही हो बाई."

त्या गेल्या. क्लॅम्प टेबलाच्या डोक्याशी बसवलेलाच होता. मिटलेला. पांढऱ्या ठिपक्यावर. मी कमान उघडली, मिटली, परत उघडली, परत ठिपक्यावर आणली. लोण्यासारखी चालत होती. काही दोष नाही. मग माझ्या मनात आलं की मोकळी चालते खरी, पण मध्ये डोकं असताना खटका कसा धरतो ते कोण बघणार? लाकडाचा ठोकळा घालून बघितला होता, पण ठोकळा म्हणजे डोकं नव्हे. आमच्या धंद्यात ही खोड प्रत्येकाला असते. व्हीलचेअर दुरुस्त केली की स्वतः बसून एक चक्कर मारायची. बी.पी.चं यंत्र स्वतःच्या दंडाला लावायचं. सगळे करतात. क्लॅम्पमध्ये डोकं घालणारा मात्र मी एकटाच मूर्ख निघालो.

अगदीच बिनडोक नव्हतो. पिना काढून तिथे रबरी बुचं बसवली. खटका सोडायला दोन हात लागतात, तेही मागून, म्हणून खटक्याला सुतळी बांधून तिचं टोक मुठीत घेतलं. ओढलं की सुटेल. मग टेबलावर उताणा झोपलो, वर सरकलो, आणि डोकं कमानीत घातलं. कमान मी उघडून ठेवली नव्हती, त्या पांढऱ्या ठिपक्यावरच होती. म्हटलं, आधी अंदाज घ्यावा किती मोठी उघडावी लागेल.

उघडावी लागलीच नाही. डोकं आत गेलं ते तंतोतंत बसलं. इकडे केसभर जागा नाही, तिकडे नाही. शिंप्यानं माप घेऊन शिवलेलं असावं तसं.

मला हसू आलं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, इतके सोमवार माझंच माप घेत होतास होय? आणि हे मनात येतंय न येतंय तोच कानापाशी आवाज झाला. कट्.

एक दाता पुढे गेला. मी सुतळी ओढली. सुतळी हलकीच हातात आली, सगळीच्या सगळी. दुसरं टोक सुटलेलं होतं. गाठ मी मारली होती, आणि माझी गाठ सुटत नाही, हे मी तुम्हाला लेखी देतो.

बरं, घाबरायचं काय त्यात? सिस्टर येतील, शिव्या देतील, सोडवतील. आठवडाभर कँटीनमध्ये हसतील माझ्यावर. असं मी स्वतःला सांगत पडून राहिलो. डोकं हलत नव्हतं, फक्त डोळे हलत होते. वर तो मोठा दिवा, बंद. त्याच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, दोन्ही बाजूंनी स्टील. आणि माझ्या डोक्यामागची फरशी दिसत होती, भिंतीपर्यंत. रिकामी.

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला.

शेजारी हात धुवायची खोली आहे. तिथले नळ कोपरानं ढकलायचे असतात, त्यांचा खट् असा आवाज होतो. तो झाला. मग पाणी. संथ, खूप वेळ. सर्जन हात धुतात ना तसं, बोटं, नखं, मनगट, कोपरापर्यंत, काही घाई नाही. मला बरं वाटलं. म्हटलं चला, कुणीतरी आलं.

"अहो... कोण आहे? जरा इकडे या..."

पाणी चालूच. आणि मग मला बादली आठवली. टाकी धुताहेत. नळाला थेंबभर पाणी नाही.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणापर्यंत भुताखेतांच्या गोष्टींवर माझ्याइतकं हसणारा माणूस नसेल. पण तेव्हा मी हात मागे नेऊन खटका चाचपायला लागलो, हात पोचेनात. पाणी बंद झालं. सपातांचा आवाज, फट्... फट्... दारातून आत. माझ्या डोक्यामागे येऊन थांबला. रबरी हातमोजे घातल्याचा तो चट् असा आवाज ऐकू आला, एक, मग दुसरा. साबणाचा वास आला, जुना, लाल साबण असायचा ना तसला. हल्ली थिएटरमध्ये तो कुणी वापरत नाही. मी डोळे जातील तितके वर नेऊन दिव्याच्या काचेत बघितलं.

फरशी. भिंत. कुणी नाही.

आणि माझ्या डोक्यावर, उजव्या बाजूला, कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवलं. दारावर वाजवतात तसं. टक, टक.

"आहे का कोणी घरात?"

पुरुषाचा आवाज. म्हातारा. त्यात राग नव्हता हो, उलट किंचित हसू होतं, मुलांच्या डॉक्टरांच्या आवाजात असतं तसं. म्हणूनच जास्त भीती वाटली. बोललो नाही तर काय होईल, बोललो तर काय होईल, काही सुचेना.

टक, टक.

"आहे का कोणी घरात?"

"आ... आहे..."

"मग जरा दार उघडतो. हलायचं नाही हं."

मी देवाचं नाव घ्यायला गेलो, तर एकही देव आठवेना. बायको आठवली. म्हटलं आज सकाळी ही डोकं चेपून देत होती आणि मी खेकसलो, हात काढ म्हणून. शेवटचं बोलणं ते झालं. कानामागे काहीतरी गार लागलं. ओलं. एक रेघ ओढली गेली, हळू, वळणाची, आणि नेमकी त्या ठणक्यावर येऊन थांबली. तिथे बोट टेकलं. गार बोट.

"इथे," आवाज म्हणाला. नंतर अगदी कानाशी, हळूच, "आता उशीर नको."

कट्. कट्. कमान उघडली.

मी टेबलावरून खाली पडलो ते गुडघ्यांवर. मागे वळून बघितलं. भिंत. कपाट, कुलूप लावलेलं. हात धुवायच्या खोलीत गेलो, कारण न बघता जाणंही शक्य नव्हतं. बेसिन कोरडं ठणठणीत. नळ ढकलून बघितला, नुसती हवा आली, फुस्स.

दारात सिस्टर. "काय झालं हो? चेहरा असा का पांढरा पडलाय?"

"काही नाही. भूक लागलीय," असं म्हणून मी जो बाहेर पडलो, तो हत्यारांची पेटी तिथेच विसरलो. तिच्यात माझे सगळे पाने होते. त्यावरून समजा.

घरी आलो. ऊन, रस्ता, गाड्यांचे हॉर्न, सगळं छान वाटत होतं. मी ठरवलं, डोळा लागला असेल टेबलावर. स्वप्न. शर्ट काढला, आणि बायको मागून म्हणाली,

"अहो, हे कानामागे काय लावून घेतलंत?"

"कुठे काय?"

"ही जांभळी रेघ. शाई आहे का?"

तिनं ओला फडका घेऊन घासलं. साबण लावला. खोबरेल लावलं. जाईना. ऑपरेशनच्या आधी कातडीवर खूण करायची पेनं असतात, त्यांची शाई जांभळी असते आणि ती सहजी निघत नाही. हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. मी खुर्चीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडायला लागलो. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी बघितलं नव्हतं. ती आधी घाबरली आणि मग रागावली, तिचं असंच असतं.

"दुखतंय का तिथे?"

"हो."

"किती दिवस?"

मी शर्ट परत चढवायला लागलो. तिनं फडका बादलीत आपटला.

"उद्या सकाळी. मी येणार बरोबर. आणि चष्म्याचं नाव काढलंत तर बघा!"

थोडक्यात सांगतो. फोटो निघाले. गाठ होती. कानामागे, रेघ जिथे संपत होती तिथे. डॉक्टरबाई, म्हणजे तिथल्या मेंदूच्या सर्जन, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला फटकळ, त्यांनी फोटो बघितले, माझ्या कानामागे बघितलं, परत फोटो बघितले.

"ही खूण कुणी केली? अगदी बरोबर आहे. मीही इथूनच उघडलं असतं."

"बाई, ते... मोठी गोष्ट आहे."

"आधी कुणाला दाखवलं होतंत?"

"नाही."

त्यांना ते पटलं नाही, पण वेळ नव्हता. म्हणाल्या, गाठ साधी दिसतेय, पसरणारी नाही. पण जागा वाईट. अजून काही महिने गेले असते तर आधी कान गेला असता, मग तोल, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नव्हता. आता आलात ते बरं झालं. बायकोनं माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. मी हात काढून घेतला नाही.

सिस्टरना मात्र मी सगळं सांगितलं. त्या नेहमीसारख्या खेकसतील असं वाटलं होतं. त्या स्टूलवर बसल्या.

"मोठे सर," त्या म्हणाल्या. "आमचे जुने सर्जन. तुम्ही इथे यायच्या आधीचे. हा क्लॅम्प त्यांनीच आणला. पिना लावायच्या आधी प्रत्येक पेशंटच्या डोक्यावर टकटक करायचे. आहे का कोणी घरात? पेशंटनं आहे म्हटलं की म्हणायचे, मग जरा दार उघडतो. घाबरलेली माणसं हसायची हो... लाल साबणानं हात धुवायचे. दुसरा चालायचा नाही."

"कशानं गेले?"

"डोकं दुखायचं त्यांचं. आम्हाला वाटायचं कामाचा ताण. त्यांनाही तेच वाटायचं. सगळ्यांची डोकी बघितली, स्वतःचं बघायचं राहिलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता." सिस्टरनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमची पेटी घेऊन जा. माझ्या कपाटात जागा नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी क्लॅम्पला तेलपाणी मीच केलं. हसताय काय? माझं डोकं धरणार होता तो. इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपलो आणि कान देऊन वाट बघत राहिलो. आता टकटक होईल, आता होईल. झालीच नाही. भुलीच्या डॉक्टरांनी नाकावर मास्क ठेवला, डॉक्टरबाई शेजारी कुणावर तरी ओरडत होत्या, पण टकटक नाही. मला एकदम एकटं वाटलं. मग वाटलं, एकदा दार वाजवून झालं, घरात माणूस आहे हे कळलं, आता परत कशाला वाजवतील? आणि मी झोपलो.

जाग आली तेव्हा बायको बाजूला होती. म्हणाली, "सगळी निघाली. साधी होती." मग म्हणाली, "ऐकू येतंय ना?" आणि मी म्हटलं, "अख्ख्या वॉर्डाला येतंय." शिट्टी थांबली होती हो. कानात नुसती शांतता. तिच्यासारखं सुख नाही. ती पाणी आणते म्हणून बाहेर गेली आणि बाहेर जाऊन रडली, तेही मला ऐकू आलं.

क्लॅम्पनं त्यानंतर मिटणं सोडून दिलं. सिस्टर दर सोमवारी फोन करून सांगायच्या, उघडाच आहे. एकदा मात्र भल्या सकाळी फोन आला. आवाज वेगळा.

"मिस्त्री, मिटलाय... तुमच्या ठिपक्यावर नाही. आत, बराच आत."

मी धावत गेलो. सिस्टरनी तोवर पिना काढून स्वतःचं डोकं घालून बघितलं होतं. बसत नव्हतं. वॉर्डबॉय, झाडूवाली, भुलीचे डॉक्टर, एकेकाला चहाचं निमित्त करून आत बोलावलं आणि झोपवलं. कुणाला सैल, कुणाला घट्ट. वरवर सगळे खिदळत होते. उरल्या फक्त डॉक्टरबाई. दारात उभ्या राहून, बोटांनी कपाळ चोळत त्या म्हणाल्या, "हा काय पोरखेळ लावलाय?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

आधीच सांगून टाकतो, बाई आज ठणठणीत आहेत, म्हणजे तुम्ही तो पाण्याचा ग्लास नीट धरून प्याल. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. मी हात जोडले. म्हटलं, बाई, माझं डोकं तुमच्या हातात दिलं होतं, आता तुमचं दोन मिनिटं माझ्या हातात द्या. त्या कुरकुरत झोपल्या. डोकं आत गेलं ते तंतोतंत बसलं. कट्. आणि त्यांचं कुरकुरणं थांबलं.

आम्ही दोघं त्यांच्या पायांशी उभे होतो. त्यांच्या डोक्यामागे भिंत आणि कपाट.

"नळ कुणी सोडलाय?" त्या म्हणाल्या.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

"मागे... कोण आहे मागे?"

"बाई, हलू नका," मी म्हटलं. "विचारतील तेवढ्याला उत्तर द्या."

त्यांच्या पापण्या दोनदा लवल्या. टक, टक, असं कुणी केलं की लवतात तशा. एवढी फटकळ बाई, पण शाळेतल्या मुलीसारखी हळूच म्हणाली, "आहे."

सिस्टरनी माझा दंड धरला होता, त्या रडायलाच लागल्या. आणि मला, हसा हवं तर, मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, वेळेत कळलं.

बाईंचं ऑपरेशन दुसऱ्या गावच्या सर्जननं केलं. नंतर दवाखान्यानं नवा क्लॅम्प घेतला, चकचकीत. जुना भंगारात निघाला होता, तर बाई स्वतः तो पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, हा तुमच्याकडे असू दे. तुमच्या दुकानात सारखी माणसं येतात-जातात." तो बघा, फळीवर, तुमच्या डोक्याच्या मागेच. वर्ष-दीड वर्ष झालं असेल, उघडाच होता. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याच्याकडे बघतो आणि मग अगरबत्ती लावतो.

आज सकाळी मिटलेला होता.

अहो, बसा, बसा. उठू नका. घाबरायचं काय त्यात? सकाळपासून येईल त्याला मी बसवूनच घेतोय. पोस्टमन झाला, गॅसवाला झाला, समोरचा शिंपी झाला. कुणालाच बसला नाही. तुम्ही आल्यापासून डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबताय, मी बघतोय. दिवा माझ्या डोळ्यांवर येतोय ही थाप होती, तुम्हाला त्याचा त्रास होतो का ते बघायचं होतं. बुचं रबरी आहेत, लागणार नाही. बसला नाही तर उत्तमच, मी आपला म्हातारा चक्रम, घरी जाऊन आईला सांगा आणि दोघं हसा. बसला, तर त्याहून उत्तम. माझ्याकडे बघा ना, समोर धडधाकट बसलोय की नाही? बाईंकडे मी स्वतः घेऊन जाईन तुम्हाला.

जरा मागे टेका. मान सैल सोडा. हां...

बघा, बसला.

काय म्हणालात? नाही हो, मी कुठे टकटक केली? माझे दोन्ही हात हे बघा, इथे दिव्याखाली आहेत. उत्तर द्या त्यांना.